पेठ सोडणारा खेळाडू

कोल्हापुरात माणसाने राजकीय पक्ष बदलला तर लोक दोन दिवस बोलतात आणि तिसऱ्या दिवशी त्याच्याच सत्काराला हार घेऊन जातात. नोकरी बदलली तर पेढे मागतात. वडिलार्जित घर विकून उपनगरात सदनिका घेतली, तरी वास्तुशांतीला जेवून येतात आणि जागा हवेशीर आहे म्हणतात. पण पेठेत वाढलेल्या, पेठेसाठी सात-आठ हंगाम खेळलेल्या एखाद्या फुटबॉलपटूने नोंदणीच्या दिवसांत तालीम बदलली, तर ती गोष्ट त्याच्या पोरांच्या लग्नापर्यंत निघत राहते.

व्याख्यानमालेत शिवकाल येतो, संतवाङ्मय येते, अधूनमधून अर्थसंकल्पही येतो. फुटबॉलच्या प्रेक्षकाचा राग सहसा येत नाही. आम्ही तो येथे आणला, ह्याचे कारण एवढेच की, आमचे आयुष्य कामगारांच्या संघटनेत गेले, आणि ‘निष्ठा’, ‘इमान’, ‘खाल्ल्या मिठाला जागणे’ हे शब्द आम्ही फार वर्षे एका विशिष्ट तोंडून ऐकत आलो. तेच शब्द शाहू स्टेडियमच्या पायऱ्यांवर आमच्याच माणसांच्या तोंडून ऐकू आले, तेव्हा साहजिकच कान टवकारले गेले. मालक ज्या निष्ठेची भाषा बोलतो ती, आणि पेठ जी बोलते ती, एकच काय? हा प्रश्न आम्हांला पुष्कळ दिवस छळत आला आहे.

प्रथम तालीम म्हणजे काय हे बाहेरगावच्या श्रोत्यांसाठी सांगावयास हवे. गावच्यांनी तेवढा वेळ सोसावे. राजर्षी शाहू महाराजांच्या कारकिर्दीत, म्हणजे १८९४ ते १९२२ ह्या काळात, कुस्तीला ह्या शहरात जो आश्रय मिळाला तो सर्वांस ठाऊक आहे. १९१२ साली खासबागेचे मैदान उभे राहिले. पेठापेठांतल्या तालमींना त्यामुळे मान आला. परंतु तालीम म्हणजे केवळ लाल मातीचा हौदा नव्हे. तिथे गणपती बसतो; पुष्कळ तालमींत मोहरमचे पंजेही बसतात, आणि दोन्हींची वर्गणी एकाच वहीत लिहिली जाते. भावाभावांचे भांडण तेथे मिटते. रात्री-अपरात्री कोणी गेले तर सामानाची धावपळ तालमीतूनच होते. ह्याच तालमींनी पुढे फुटबॉल उचलला आणि तो असा काही उचलला की, आज कोल्हापुरात ‘तालीम’ म्हटल्यावर अर्ध्या पोरांच्या डोळ्यांपुढे कुस्तीच्या आधी चेंडू येतो.

१ मार्च १९४९ रोजी कोल्हापूर संस्थान मुंबई राज्यात विलीन झाले. संस्थाने गेली तेव्हा संस्थानी आश्रयावर जगलेल्या कितीतरी गोष्टी देशभर वाळून गेल्या. कोल्हापूरचा फुटबॉल वाळला नाही. छत्रपती घराण्याचा हात त्याच्या पाठीवर पुढेही राहिला हे खरे. कोल्हापूर स्पोर्ट्स असोसिएशनशी, जिला सारे गाव केएसए म्हणते, त्या घराण्याचा संबंध आजही आहे. पण खरा जीव वर्गणीत होता. नावेच पाहा: पाटाकडील तालीम मंडळ, शिवाजी तरुण मंडळ, दिलबहार तालीम मंडळ, खंडोबा तालीम मंडळ, बालगोपाल तालीम मंडळ, प्रॅक्टिस क्लब, संध्यामठ तरुण मंडळ, फुलेवाडी क्रीडा मंडळ. ह्यांत गिरणी नाही, बँक नाही, मोटारीचा कारखाना नाही. केएसएच्या वरिष्ठ गटात सोळा संघ खेळतात. त्यांत एखादा पोलिसांसारखा संघ सोडला, तर बाकीचे गल्ली आणि पेठ ह्यांचेच. मुंबई, गोवा, कोलकाता येथल्या फुटबॉलहून आमचे वेगळेपण असेल तर ते इथे आहे.

आता ह्या पेठेतला एक पोरगा कसा वाढतो ते पाहू. नाव घेत नाही, कारण तो एक नव्हे, शंभर आहेत. बाप कोणी गवंडी, कोणी रिक्षावाला, कोणी उद्यमनगरात लेथवर. पोरगा सात-आठ वर्षांचा असताना मोठ्यांचा सामना चालू असताना रेषेबाहेर गेलेले चेंडू आणून देतो. बाराव्या वर्षी कोणी जुना खेळाडू आपले झिजलेले बूट त्याला देतो; पुढे कापूस कोंबला की ते बसतात. सोळाव्या वर्षी तालीम त्याला नवे बूट घेऊन देते. कोपऱ्यावरचा दूधवाला सकाळच्या सरावानंतर अर्धा लिटर दूध हातात ठेवतो आणि वहीत मांडीत नाही. गुडघा सुजला तर पेठेतलाच कोणी हाडवैद्य तेल लावतो. दहावीला नापास होतो तेव्हा बापापेक्षा तालमीतली मंडळीच अधिक बोलतात. असा हा हिशेब वाढत जातो. तो कोठे लिहिलेला नसतो, आणि तोच पुढच्या सगळ्या भांडणाचे मूळ होतो. कारण वहीत मांडलेले कर्ज फेडता येते. न मांडलेल्याची रक्कम प्रत्येक जण आपापल्या मनाने ठरवतो.

मग एक वर्ष असे येते की, हंगामापूर्वीच्या नोंदणीच्या सुमारास कट्ट्यावर कुजबुज सुरू होते. अमका पलीकडच्या पेठेत बसलेला दिसला. तमक्याच्या गाडीवरून गेला. पहिल्या दिवशी कोणी विश्वास ठेवीत नाही. दुसऱ्या दिवशी चार वडीलधारी माणसे घरी जातात. आई चहा ठेवते, बाप जमिनीकडे पाहत बसतो. हे आम्ही डोळ्यांनी पाहिले आहे. मध्यस्थ म्हणून आम्हांलाही एकदोनदा नेले गेले, कारण तडजोडी करणारा माणूस अशी आमची ख्याती! तिथे जे बोलणे होते त्यात पैशाचा आकडा फारसा निघत नाही, हे विशेष. “तुला काय कमी केलं रे आम्ही?” हा प्रश्न निघतो. कारखान्याच्या वाटाघाटीत पंचवीस-तीस वर्षे बसलो, पण इतके अवघड वाक्य आमच्यासमोर कोणी मांडले नव्हते. पगारवाढ मागता येते, महागाईचा निर्देशांक काढून दाखवता येतो. ह्या प्रश्नाला मात्र मुद्देसूद उत्तर नाही. पोरगा मान खाली घालून अंगठ्याने फरशी टोकरीत बसतो.

सामन्याच्या दिवशीचा राग निराळा. नव्या तालमीच्या अंगरख्यात तो मैदानात येतो, आणि पहिल्यांदा चेंडू त्याच्या पायाला लागतो त्या क्षणी पायऱ्यांच्या एका बाजूने जो आवाज उठतो, तो ऐकावयासच हवा. शिव्या असतात, त्या छापण्याजोग्या नाहीत. पण नीट कान दिला तर शिव्यांच्या अधेमधे भलतेच काही ऐकू येते. कोणी त्याच्या पहिल्या बुटांची आठवण काढतो. कोणी त्याला त्याच्या घरच्या लाडक्या नावानेच हाक मारतो, जे नाव परक्याला ठाऊक असण्याचे कारण नाही. म्हातारे प्रेक्षक बहुधा गप्प असतात. आणि त्याने गोल केला तर? हात वर करावयाचे की नाहीत हे त्याचे त्यालाच ठरवता येत नाही. कित्येकांनी तशा वेळी मान खाली घालून माघारी चालत गेलेले आम्ही पाहिले आहे.

मौज अशी की, हाच पोरगा पुण्याला किंवा कोलकात्याला गेला असता तर पेठेने कमान उभारली असती. निखिल कदम कोल्हापूरचा. तो २०१७-१८ च्या हंगामात मोहन बागानसारख्या संघाकडून खेळला तेव्हा साऱ्या शहराने ते आपलेच यश मानले. ऑक्टोबर २०१७ मध्ये सतरा वर्षांखालील मुलांचा विश्वचषक भारतात झाला. भारताच्या संघात कोल्हापूरचा अनिकेत जाधव होता. भारत तिन्ही सामने हरला, तरी कोल्हापुरात कोणाची मान खाली गेली नाही. पुढे अनिकेत जमशेदपूरकडून खेळला. जमशेदपूर येथून हजार मैलांच्या आसपास. मंगळवार पेठेतून शिवाजी पेठ पायी पंधरा-वीस मिनिटांची. हजार मैल गेलेल्याचे फलक लागतात आणि पंधरा मिनिटे चालून गेलेल्याला फितूर म्हणतात. दूर गेलेला पोरगा पेठेचे नाव घेऊन जातो. जवळ गेलेला ते नाव काढून ठेवून जातो. अशी ही समजूत आहे, आणि ती अगदीच खुळी आहे असे आम्ही म्हणणार नाही. कोल्हापुरी ईर्षा ही शेजाऱ्याशीच असते. लंडनशी आम्ही कधी ईर्षा केली नाही.

ह्या समजुतीला गावाचाच इतिहास मात्र पुरती साथ देत नाही. श्रीपती खंचनाळे १९५९ साली पहिले हिंदकेसरी झाले, ते मूळचे बेळगाव जिल्ह्यातील एकसंब्याचे. पुढच्याच वर्षी गणपतराव आंदळकर हिंदकेसरी झाले, ते सांगली जिल्ह्यातील पुनवतचे. दोघांनाही कोल्हापूरने आपले मानले, आणि ‘तू गाव का सोडलेस’ असे विचारले नाही. दुसऱ्यांची पोरे आपल्या तालमीत आली तेव्हा ते गुणग्राहकतेचे लक्षण ठरले! सिनेमाचेही तेच. बाबूराव पेंटरांच्या महाराष्ट्र फिल्म कंपनीत शिकून तयार झालेले दामले, फत्तेलाल, धायबर आणि शांताराम १९२९ साली बाहेर पडले व त्यांनी प्रभात काढली. गुरूचे घर सोडल्याचे दुःख तेव्हाही कोणाला झाले नसेल असे नाही. चार वर्षांनी, १९३३ साली, प्रभात कोल्हापूर सोडून पुण्याला गेली. आज आपण त्या सर्वांचे फोटो एकाच भिंतीवर लावतो. काळ गेला की सोडून गेलेलेही भिंतीवर येतात, एवढे ह्यावरून दिसते. पण काळ जाईपर्यंत ज्याला रोज त्याच रस्त्याने घरी जावयाचे आहे त्याचे काय, हा प्रश्न शिल्लक राहतो.

आता थोडे इंग्लंडकडे वळले पाहिजे. खेळाडूने संघ सोडावा की नाही, ह्याचा कायदा प्रथम तेथे झाला, आणि त्या कायद्याविरुद्ध पहिली टिकाऊ संघटनाही तेथेच झाली. तेथे १८८५ साली पैसे घेऊन खेळण्यास मान्यता मिळाली. कारखान्यातला आणि खाणीतला मजूर शनिवारी खेळून चार पैसे मिळवू लागला. मग मालक मंडळींच्या ध्यानात आले की, मजूर चांगला खेळू लागला तर जास्त देणाऱ्याकडे जाईल. म्हणून १८९३-९४ पासून लीगने नियम केला: खेळाडूचे नाव एकदा ज्या संघाकडे नोंदले, त्या संघाने सोडल्याशिवाय त्याला दुसरीकडे खेळता येणार नाही. करार संपला तरी नाही. संघाने पगार द्यावयाचे थांबवले तरी नाही! १९०१ साली पुढचे पाऊल पडले. आठवड्याला चार पौंडांपेक्षा अधिक वेतन कोणालाही द्यावयाचे नाही, असे ठरले. म्हणजे माणूस जाऊ शकत नाही आणि राहिला तर मागू शकत नाही. ह्या दोन्ही दोऱ्यांना तिकडे बाहेरून जे वेष्टन होते ते निष्ठेचे होते. आपले गाव, आपला संघ, आपले प्रेक्षक. हे वेष्टन आम्हांला ओळखीचे आहे.

बिली मेरेडिथ नावाचा खेळाडू त्या काळी फार नावाजलेला होता. वेल्समधला, बाराव्या वर्षी कोळशाच्या खाणीत गेलेला. १८९४ पासून तो मँचेस्टर सिटीकडून खेळे. १९०५ साली लाच देऊ केल्याच्या आरोपावरून त्याला खेळण्याची बंदी झाली, सिटीशी त्याचे बिनसले, आणि १९०६ साली तो मँचेस्टर युनायटेडकडे गेला. एकाच शहरातले हे दोन संघ. आपल्या भाषेत, पेठ बदलली. डिसेंबर १९०७ मध्ये मँचेस्टरच्याच एका हॉटेलात खेळाडूंच्या युनियनची स्थापना झाली, तिच्या पुढाऱ्यांत हा मेरेडिथ होता आणि युनायटेडचा कप्तान चार्ली रॉबर्ट्स होता. १९०९ साली फुटबॉलच्या वरिष्ठ मंडळाने युनियनची मान्यता काढून घेतली आणि सभासदत्व सोडा नाहीतर खेळणे सोडा असा हुकूम काढला. बहुतेक संघांच्या खेळाडूंनी सह्या केल्या. युनायटेडच्या खेळाडूंनी केल्या नाहीत. ते आपला वेगळा सराव करीत राहिले. ‘बहिष्कृतांचा संघ’ अशी पाटी समोर ठेवून त्यांनी काढलेले छायाचित्र प्रसिद्ध आहे. शेवटी युनियन टिकली. टाळेबंदीत दाराबाहेर बसलेल्या आमच्या माणसांचे फोटो आम्ही असेच पाहिले आहेत, म्हणून हे जरा लांबवून सांगितले.

वेतनाची कमाल मर्यादा सुटावयास मात्र जानेवारी १९६१ उजाडावे लागले. तोवर ती चारावरून वीस पौंडांपर्यंतच आली होती. जिमी हिल हा तेव्हा युनियनचा अध्यक्ष. संपाची तयारी पूर्ण झाली तेव्हा कोठे मालक नमले. दुसरी दोरी न्यायालयात तुटली. जॉर्ज ईस्टहॅम ह्याला न्यूकॅसल सोडावयाचे होते, संघ सोडीना. त्याने १९६० साली नवा करार नाकारला, खेळ थांबवला आणि चक्क बुचांच्या लाकडाचा विक्रेता म्हणून नोकरी धरली. अखेर ४७,५०० पौंड घेऊन न्यूकॅसलने त्याला आर्सेनलकडे जाऊ दिले. तरीही त्याने दावा चालवला, आणि १९६३ साली न्यायमूर्ती विल्बरफोर्स ह्यांनी निर्णय दिला की, करार संपलेल्या माणसाला अडकवून ठेवणे हा त्याच्या धंद्यावरील गैरवाजवी निर्बंध होय. करार संपलेल्या खेळाडूसाठी पैसे मागण्याची चाल युरोपात १९९५ पर्यंत राहिली. ती बेल्जियमच्या बोसमन नावाच्या खेळाडूने युरोपीय न्यायालयात मोडून काढली. एका पिढीने उभे केलेले काम दुसऱ्या-तिसऱ्या पिढीला पुरे करावे लागते, ह्याचा अनुभव ज्याला आहे त्याला १८९३ आणि १९९५ ह्या सालांमधले अंतर पाहून आश्चर्य वाटणार नाही.

येथे कोणी म्हणेल, आमच्याकडे असला कायदा कोठे होता? मालकच नव्हता. बरोबर आहे. म्हणूनच कोलकात्याचे उदाहरण अधिक जवळचे. सैलेन मन्ना १९४२ ते १९६० एकाच मोहन बागानकडून खेळले. १९५१ च्या दिल्लीच्या आशियाई स्पर्धेत सुवर्णपदक मिळवणाऱ्या भारतीय संघाचे ते कप्तान. चुनी गोस्वामी १९५४ पासून १९६८ पर्यंत तेथेच खेळले. १९६२ च्या जाकार्ताच्या सुवर्णपदकाचे कप्तान ते. निष्ठेचे नमुने म्हणून ही दोन नावे बंगालात आजही घेतली जातात, आणि ती घ्यावयासच हवीत. परंतु मन्ना भूवैज्ञानिक सर्वेक्षण खात्यात नोकरीला होते आणि गोस्वामी स्टेट बँकेत. महिन्याच्या पहिल्या तारखेला त्यांच्या घरी पगार येत होता, आणि तो क्लबकडून येत नव्हता. असे म्हटल्याने त्यांची निष्ठा कमी होत नाही. पण ती निष्ठा कोणत्या जोत्यावर उभी होती ते दिसते. ज्यांच्यापाशी असे जोते नव्हते त्यांच्याबाबत कोलकात्याने नोंदणीच्या दिवसांत काय काय केले! खेळाडूला स्वतः कचेरीत जाऊन सही करावी लागे, म्हणून क्लबची माणसे त्याला आठवडा-आठवडा कोठेतरी लपवून ठेवीत. कृशानू देसारखा गुणी खेळाडू १९८५ साली मोहन बागान सोडून ईस्ट बंगालला गेला. मोहन बागानचे प्रेक्षक हळहळले आणि ईस्ट बंगालच्यांनी त्याला डोक्यावर घेतले.

मुंबईची गोष्ट थोडक्यात सांगतो, पण ती विसरता कामा नये. तेथे फुटबॉल कंपन्यांचा. १९५६ च्या मेलबर्न ऑलिंपिकमध्ये ऑस्ट्रेलियाविरुद्ध तीन गोल करणारा नेव्हिल डिसोझा टाटांच्या संघातला. मफतलाल, ऑर्के ह्या कापडधंद्यातल्या घराण्यांचे संघ होते. गोव्यातली कितीतरी पोरे पायांत चेंडू घेऊन मुंबईस आली आणि हजेरीपटावर नाव लागल्याने स्थिर झाली. १८ जानेवारी १९८२ रोजी गिरणी कामगारांचा संप सुरू झाला. अडीच लाखांच्या आसपास कामगार त्यात होते. त्यानंतर गिरणगावाचे काय झाले हे सांगण्याची ही जागा नव्हे. कापडाच्या मागोमाग कापडवाल्यांचे संघही गेले. महिंद्रांचा संघ १९६२ साली उभा राहिला, २००५-०६ मध्ये राष्ट्रीय लीग जिंकला, आणि २०१० साली बंद करण्यात आला. पुण्याचे आणि मुंबईचे आणखी संघ पुढच्या सहा-सात वर्षांत असेच मिटले. त्यांत कोल्हापूरची पोरे होती. आमचा सवाल असा की, त्या वेळी कोणी कोणाला सोडले? खेळाडू संघ सोडतो तेव्हा पायऱ्यांवरून आवाज उठतो. संघ खेळाडूला सोडतो तेव्हा वर्तमानपत्रात चार ओळी येतात.

आता पुन्हा पेठेत येऊ, आणि सुरुवातीचा प्रश्न घेऊ. शिरोली, गोकुळ शिरगाव, उद्यमनगर येथील फौंड्र्यांत मोल्डरने जास्त मजुरीसाठी शेजारची फौंड्री धरली, की जुना मालक म्हणतो, “ह्याला मी शिकवला, आणि हा मीठ विसरला.” ह्या वाक्यावर आम्ही कधी डोळे ओले केले नाहीत. कारण त्याने शिकवले ते आपल्या कामासाठी, आणि शिकत असताना अर्ध्या मजुरीवर राबवून घेतले. त्याचा हिशेब रोजच्या रोज चुकता होत होता. पेठेचे तसे नाही. दूधवाल्याला त्या अर्ध्या लिटरातून नफा झालेला नाही. ज्याने आपले बूट दिले त्याला गोलाच्या बदल्यात भाडे मिळालेले नाही. म्हणून पेठेचा राग मालकाच्या रागासारखा दिसला तरी तो त्या जातीचा नव्हे, असे आमचे मत झाले आहे. तो घरातून वेगळ्या निघालेल्या भावावरचा राग आहे.

पण वेगळा निघालेला भाऊ हा नेहमीच अपराधी असतो काय? त्याने वेगळे का निघावे लागले, हे विचारण्याची पद्धत आपल्यात नाही. अलीकडच्या हंगामांत तालमींच्या फुटबॉलमध्ये पैसा आला आहे. नेत्यांच्या नावांचे चषक आले, बक्षिसांच्या रकमा वाढल्या, खेळाडूंना मानधन मिळू लागले, आफ्रिकेतले खेळाडूही येऊन खेळू लागले. ते उंच पोरगे वाकड्यातिकड्या मराठीत पेठेच्या नावाचा जयजयकार करतात तेव्हा आम्हांलाही गंमत वाटते. पेठेच्या आयाबाया त्यांना जेवू घालतात, हेही कौतुकाचे. परंतु जो एका हंगामासाठी पैसे घेऊन येतो त्याचे कौतुक, आणि जो पंधरा वर्षे बिनपैशाने किंवा नावापुरत्या पैशाने खेळला त्याने थोडे अधिक मागितले तर तो पैशाला हपापलेला, हा न्याय आम्हांला पटत नाही. ह्यावर कट्ट्यावरचे एक म्हातारे गृहस्थ आम्हांला म्हणाले, “पाहुण्याला पानात जास्त वाढतातच. घरच्यानं पाहुण्याच्या पानाकडं बघू नये.” उत्तर चांगले आहे. पण ह्यात घरच्याने उपाशी उठावे असेही गृहीत आहे की काय, हे आम्ही त्यांना विचारले. त्यांनी तंबाखू मळावयास घेतली.

उलट बाजूही सांगितली पाहिजे. पैसेवाल्या तालमी चार चांगले खेळाडू उचलतात, आणि लहान तालीम, जिच्यापाशी वर्गणी व हौस ह्यांखेरीज काही नाही, ती दहा वर्षे वाढवलेला पोरगा एका रात्रीत गमावते. तिला कोणी भरपाई देत नाही. आंतरराष्ट्रीय फुटबॉल संघटनेच्या नियमांत, खेळाडू लहानपणी ज्या क्लबांत शिकला त्यांना पुढच्या बदलीच्या रकमेतून काही वाटा मिळावा अशी तरतूद आहे. पेठेपेठेतल्या बदलीत असले काही नसते. म्हणजे लहान तालमीच्या वाट्याला उरतो तो फक्त राग. ज्याच्या हातात दुसरे काही नाही तो ओरडतो. संपाचा अधिकार नसलेल्या बदली कामगारांच्या तोंडी आम्ही अशीच ओरड ऐकली आहे, आणि तिला अडाणीपणा म्हणणाऱ्या सुशिक्षितांशी आमचे कधी जमले नाही. मात्र राग मैदानात राहावा. तो त्या पोराच्या दारात जाऊन त्याच्या आईला ऐकवणे, आजकालच्या रीतीप्रमाणे रात्रभर फोनवर घाणेरडे निरोप पाठवणे, दगड हातात घेणे, ह्या गोष्टींना पेठेचे प्रेम म्हणता येणार नाही. हे आम्ही त्या त्या कट्ट्यावर उभे राहून सांगितले आहे आणि त्याबद्दल दोनचार ठिकाणी चहा मिळावयाचा बंद झाला आहे.

आमच्या धंद्याची सवय म्हणून एक व्यवहाराची गोष्ट मांडतो. न मांडलेला हिशेब मांडावा. दर हंगामाला खेळाडूची नोंदणी होते. त्याच वेळी तालीम व खेळाडू ह्यांच्यात साध्या मराठीत एक कागद असावा. मानधन किती, ते कोणत्या तारखेला. सरावात किंवा सामन्यात गुडघा गेला, लिगामेंट तुटले, तर शस्त्रक्रियेचा खर्च कोणी करावयाचा, आणि पाय बरा होईपर्यंतच्या महिन्यांत घरी काय द्यावयाचे. पोरगा जाऊ इच्छील तर त्याने कोणत्या तारखेपर्यंत, कोणाला, तोंडाने येऊन सांगावयाचे. कारण पेठेला जे लागते ते पुष्कळदा जाणे नव्हे, तर कट्ट्यावरून कळणे. लहान तालमीतून मोठीत गेला तर मोठीने लहानीला पुढच्या पोरांच्या बुटांपुरते तरी काय द्यावयाचे. हा कागद आम्ही दोन तालमींच्या बैठकीत वाचून दाखवला. एकीने तो विचारासाठी ठेवून घेतला. दुसरीत एका तरुण कार्यकर्त्याने विचारले की, असा कागद केला तर आमच्यात आणि कारखान्यात फरक काय राहिला? आम्ही त्याला गुडघ्याचे कलम पुन्हा वाचावयास सांगितले. त्याच्या स्वतःच्या गुडघ्यावर शस्त्रक्रियेचा व्रण होता. खर्च बापाने म्हैस विकून केला होता, हे आम्हांला मागाहून कळले.

मेरेडिथबद्दल सांगावयाचे राहिले. १९२१ साली तो पुन्हा सिटीकडे परत आला. १९२४ च्या मार्चमध्ये इंग्लंडच्या चषकाचा उपान्त्य सामना सिटीच्या अंगरख्यात खेळला तेव्हा त्याचे वय एकोणपन्नास वर्षांचे होते.